सीडी पण आहे आत

एमआरआय सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने ती लांबलचक पिशवी हातात देताना सांगितलं, "फिल्म आहे, रिपोर्ट आहे, सीडी पण आहे आत." मी बरं बरं म्हटलं, आईला हळूहळू रिक्षात बसवलं आणि घरी आलो. सीडी पण आहे आत, यात काही घोळ असेल असं डोक्यातच आलं नाही. सीडी काय, असतेच आत.

दुपारी अडीचला पुण्याहून आतेभावाचा फोन. तो हाडांचा डॉक्टर. इथल्या डॉक्टरांना उद्या दाखवायचंच आहे, पण आईचा विश्वास त्याच्यावर, कारण त्याला तिने लहानपणी आंघोळ घातलीय. कमरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली असणार असा अंदाज होता. तो म्हणाला, "फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून पाठवू नकोस हां, त्यात तुमच्या घरची ट्यूबलाइटच दिसते फक्त. सीडीतला आख्खा फोल्डर पाठव."

म्हटलं पाच मिनिटांत पाठवतो. लॅपटॉप मांडीवर घेतला, सीडी डाव्या हाताच्या बोटात अडकवली आणि उजव्या हाताने लॅपटॉपची उजवी कड चाचपायला लागलो. बोटांना ते बटण अजून पाठ आहे, कडेच्या मध्यावर, जरासं आत दबलेलं. नाही. मग डावी कड. मग, सांगायला लाज वाटते, मागची बाजू पण बघितली. दोन बारकी भोकं, एक हेडफोनचं भोक, संपलं. तीन वर्षं मी हा लॅपटॉप रोज वापरतोय आणि त्याला सीडीची जागाच नाही हे मला आज कळलं. म्हणजे आईची डिस्क जागेवरून सरकलेली, आणि ती बघायला जी डिस्क दिलीय तिला घरात जागाच नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "कोणाकडे सीडी ड्राइव्ह आहे का? अर्जंट." पहिला प्रतिसाद हात जोडलेले. दुसऱ्याने विचारलं, पाण्याचा टँकर किती वाजता येणारे. तिसरं उत्तर बी विंगमधून, "ड्राइव्ह नाही, पण सीडी हव्या तेवढ्या आहेत. कबुतरांसाठी लावल्यात."

हे मात्र खरंय. आमच्या भांडुपात कुठल्याही बिल्डिंगकडे खालून वर बघा, ग्रिलला दोऱ्याने टांगलेल्या सीड्या लकाकताना दिसतील. कबुतरं घाबरतात म्हणे. मी आमच्या खिडकीतलं कबुतर बघितलंय, ते सीडीसमोर बसून मान वाकडी करून पिसं नीट करत असतं. आईने टांगलेल्यांपैकी एक कुठल्याशा कॉम्प्युटर मासिकाबरोबर फुकट आलेली आहे, एक कोणाच्या तरी मुंजीची, आणि एकीवर माझ्याच अक्षरात 'बॅकअप फायनल २' लिहिलंय. कशाचा बॅकअप ते देवाला ठाऊक. ऊन-पावसात तिच्यावरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलाय आणि आता तिच्यातून पलीकडची बिल्डिंग दिसते.

तर आमच्या घरात सीडी ड्राइव्ह आला २००१ साली. बाबा आणि मी लॅमिंग्टन रोडला गेलेलो, म्हणजे पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर रस्त्यावरचा माणूस आधी विचारात पडतो. कॉम्प्युटर असेंबल्ड घ्यायचा हे ठरलेलं, कारण ऑफिसातल्या कोणीतरी बाबांना सांगितलेलं की कंपनीचा घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. दुकानदार एकेक पार्ट कागदावर लिहीत होता आणि बाबा समोर भाजी घेतल्यासारखा भाव करत होते. "सीडी ड्राइव्ह बावन्नचा टाकू?" बाबांनी विचारलं, त्याहून मोठा नाही का? आकडा मोठा असला की वस्तू चांगली, हा त्यांचा सरळ हिशोब. गाण्याची सीडी ज्या वेगाने वाचतात तो एक, म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, आणि हा त्याच्या बावन्नपट, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी बाबांनी साठचा आहे का तेच विचारलं असतं.

मग तो पंधरा इंची मॉनिटरचा खोका, कॅबिनेटचा खोका आणि एक पिशवी घेऊन ग्रँट रोड ते दादर, दादरला पूल चढून सेंट्रलला, आणि तिथून लगेजच्या डब्यातून माशांच्या टोपल्यांशेजारी उभं राहून भांडुप. बाबा पूर्ण प्रवासात खोक्यावर हात ठेवून होते.

घरी जोडणी झाल्यावर पहिली सीडी आत गेली आणि जो आवाज सुरू झाला तो अजून कानात आहे. आधी हलकं घुर्रर्र, मग चढत चढत विमान उडतंय असा सूर, मध्येच टक टक, मग एकदम शांत, मग परत घुर्रर्र. ५२ चा ड्राइव्ह पूर्ण जोरात असला की मिनिटाला १०,००० च्या आसपास फेऱ्या मारतो. आख्खं कॅबिनेट थरथरत होतं. बाबांनी पटकन त्याच्यावर हात दाबून धरला, मिक्सरचं झाकण धरतात तसा. पुढे कित्येक वर्षं सीडी टाकली की ते तसाच हात ठेवायचे. काही गरज नव्हती. पण ठेवायचे.

खरी मजा व्हीसीडीची. स्टेशन रोडवर एक लायब्ररी होती, खरं तर जिन्याखालची टपरीच ती, तिथे दिवसाला वीस रुपये देऊन सिनेमा मिळायचा. एका व्हीसीडीत तास-सव्वा तासाच्या वर काही मावत नाही, आणि आपले सिनेमे अडीच-तीन तासांचे, त्यामुळे एका सिनेमाच्या दोन नाहीतर तीन सीड्या. हिरोईन जिना उतरतेय, उतरतेय, आणि पडदा निळा. मग मी उठायचो, तेवढ्यात कोणीतरी चहा टाकायचं, कोणी बाथरूमला, आजी विचारायची संपला का रे. एका मे महिन्यात घरात पाहुणे धरून अकराजण, सिनेमा आणलेला, पहिली सीडी संपली, दुसरी लावली तर भलताच सिनेमा. टपरीवाल्याने पाकिटात सीडी बदलून ठेवलेली. रात्रीचे अकरा, टपरी बंद, अकराजण जागे. बाबा म्हणाले, वीस रुपये दिलेत, बघायचा. आम्ही एका सिनेमाचा पूर्वार्ध आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध बघितला आणि आजीला तो सिनेमा फार आवडला. तिच्या मते हिरोने सूड घेण्यासाठी तोंड बदलून घेतलं होतं. आम्ही समजवायचा प्रयत्न केला पण तिची गोष्ट आमच्यापेक्षा जास्त पटणारी होती.

आणि सीडी अडकायची. माणसाचं तोंड चौकोनी व्हायचं, गाणं एकाच शब्दावर कुथत राहायचं. मग ती बाहेर काढून पुसायची. आता हा माझा हळवा विषय आहे, कोणी सीडी गोल गोल पुसताना दिसला की मला अजून त्रास होतो, म्हणजे आता दिसत नाही कोणी, पण लग्नाआधी बायकोने एकदा माझ्यासमोर तशी पुसलेली आणि मी दोन दिवस विचारात होतो. सीडी मधल्या भोकाकडून बाहेर सरळ पुसायची. बाबांनी शिकवलेलं, कारण न सांगता. कारण मला फार उशिरा कळलं. सीडीवरची रेघ आतून सुरू होऊन चक्रीसारखी बाहेर जाते, उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल, म्हणजे इथून रुळांच्या कडेने मुलुंड येईल. आणि त्या रेघेवरचा मजकूर जरा विखरून, जास्तीचा हिशोब धरून लिहिलेला असतो, त्यामुळे रेघेला आडवा ओरखडा आला तर अगदी अडीचेक मिलिमीटरपर्यंतचा तुकडा गेला तरी प्लेअर गाळलेल्या जागा भरून घेतो. गोल पुसताना पडलेला ओरखडा मात्र रेघेच्याच बरोबरीने धावतो आणि मग भरायला काही उरत नाही.

अजून एक. आपण आयुष्यभर सीडीची चकाकणारी बाजू जपली, तिला बोट लागू दिलं नाही, आणि छापलेली बाजू खाली घासत टेबलावर टाकली. खरा सगळा ऐवज त्या छापाच्या लगेच खाली असतो, लाखेच्या केसभर थराखाली. चकाकीच्या बाजूला निदान मिलिमीटरभर प्लास्टिकची भिंत तरी आहे. आणि आपण त्या नाजूक बाजूवर बॉलपेन दाबून लिहायचो, 'बॅकअप फायनल २'.

एवढ्यात भाचा आला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीडी हातात घेऊन म्हणाला, "मामा, लिंक नाही का देत ते?" मग जरा फिरवून बघत, "हिची कुठची बाजू खाली ठेवायची?" मी उत्तर दिलं पण जरा खालच्या आवाजात. त्याच्या सगळ्या शाळा-कॉलेजात त्याला सीडी कधी लावावीच लागली नाही, आणि त्याचं काही अडलंही नाही. विंडोज टाकायचं तर पेनड्राइव्ह, सिनेमा मोबाइलवर. आमच्या वेळी कॉम्प्युटर बिघडला की एक मुलगा फॉरमॅट मारायला यायचा, त्याच्याकडे चेनवालं जाडजूड सीडीचं पाउच असायचं आणि तो ते पोथीसारखं मांडीवर उघडून पान पान उलटायचा, आणि आम्ही घरातले सगळे भोवती उभे. वैद्यबुवा आल्यासारखं. चहा, पोहे, शंभर रुपये.

मी पण काही फार मागे राहिलेला माणूस नव्हतो हां. २००८ च्या जानेवारीत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने कागदी पाकिटातून लॅपटॉप बाहेर काढून दाखवला, मॅकबुक एअर, त्यात सीडीचा ड्राइव्ह नव्हता, तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये मी ठामपणे सांगितलेलं की हे आपल्याकडे चालणार नाही. आपल्याकडे लोक लग्नाची सीडी कशात बघणार? २०१२ मध्ये त्यांच्या मोठ्या लॅपटॉपांमधूनही ड्राइव्ह जायला लागला, तरी मी ठाम. मग २०१५ मध्ये माझाच लॅपटॉप बैलगाडीसारखा चालायला लागला म्हणून लॅमिंग्टन रोडला नेला, तर काउंटरमागच्या पोराने तो उलटा केला, एक, फक्त एकच स्क्रू काढला, आणि डीव्हीडी रायटर खणासारखा बाहेर ओढला. त्या जागी कॅडीत, म्हणजे तेवढ्याच मापाच्या चौकटीत, घालून जुनी हार्डडिस्क बसवली, हार्डडिस्कच्या जागी नवीन एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क. दहा मिनिटं लागली नाहीत. लॅपटॉप पळायला लागला आणि मला जराही वाईट वाटलं नाही. काढलेला रायटर त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला, "रख लो सर, कभी काम आएगा." त्याच्या पुढच्या वर्षी, २०१६ च्या फेब्रुवारीअखेर, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं. तिथे बाबांनी आधी कॅसेटी आणि मग सीड्या घेतलेल्या, घेण्यापेक्षा उभ्या उभ्या ऐकल्याच जास्त. बातमी वाचून मी बायकोला म्हटलं, अरेरे. मी स्वतः तिथे जाऊन सात-आठ वर्षं झाली होती.

तर तो गुंडाळलेला रायटर आठवला. कपाटाच्या खालच्या खणात सापडला पण, ९.५ मिलिमीटर जाडीची पातळ पत्र्याची पेटी, मागे सोन्याच्या रंगाच्या पिना. पण त्याला लॅपटॉपला जोडायची वेगळी केबल लागते, ती नाही. मी उगाच त्याचं तोंड नखाने उघडायचा प्रयत्न केला, मग सेफ्टी पिन उघडून त्या टाचणीएवढ्या भोकात घातली, आणि ट्रे टुक करून बाहेर आला. आत सीडी! क्षणभर छातीत धडधडलं. प्रिंटरच्या ड्रायव्हरची निघाली. तो प्रिंटर भंगारात जाऊनही दहा वर्षं झाली.

खरं सांगायचं तर कोणी मला उद्या विचारलं की नवीन लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह हवा का, तर मी नको म्हणेन. सकाळच्या लोकलमध्ये पाठीवरची बॅग पुढे घेऊन उभं राहतो मी, त्यात पाव किलो पण नको झालंय. ७०० एमबीची सीडी, आज मोबाइलवरचे काही गेम एवढ्याला हसतील. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी रोज ओझं कोण वाहणार, माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या ठेवतो तसा एखादा बाहेरून लावायचा ड्राइव्ह ठेवला की झालं. फक्त मग देणाऱ्यांनी पण सीडी देणं बंद करावं ना. दवाखाने देतात, लग्नाचे फोटोवाले अजून अधूनमधून देतात, मखमली डब्यात घालून. घेणाऱ्याच्या घरी लावायची सोय असेल का, हे कोणी विचारत नाही. आणि आपण पण घेतो. मुकाट्याने कपाटात ठेवतो.

साडेपाचला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. दुपारी झोपलेले, मेसेज आत्ता बघितला. त्यांच्याकडे बाहेरून लावायचा ड्राइव्ह होता, मुलाने अमेरिकेतून पाठवलेला, मूळ डब्यात, थर्माकोलसकट. "रात्री देऊन टाक, मला भजनाच्या सीड्या ऐकायच्यात." म्हटलं हो.

लावला. सीडी ठेवली, मधल्या खुंटीवर बसल्याचा तो टक आवाज आला, ट्रे आत ढकलला. घुर्रर्र. सूर चढायला लागला, मध्येच टक टक, मग शांत, परत घुर्रर्र.

आतल्या खोलीत आई पडलेली होती. तिथूनच झोपेतल्या आवाजात म्हणाली, "बाबांनी कॉम्प्युटर लावला का रे?"

मी काहीच बोललो नाही. तिचं तिलाच कळलं असावं, कारण जरा वेळाने ती भिंत धरत धरत बाहेर आली आणि माझ्याशेजारी खुर्चीवर टेकली. सीडीत फोटो बघायचं सॉफ्टवेअर त्यांनी घालूनच दिलेलं असतं, ते उघडलं. काळ्या पडद्यावर राखाडी मणके, एकावर एक, रचून ठेवलेल्या डब्यांसारखे. माउसचं चाक फिरवलं की आपण पाठीत आत आत जातो, एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये गादी मागे फुगून आलेली मलासुद्धा दिसली. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी भरून भरून झालंय ते." चाळीत होतो तेव्हा नळ खाली होता आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर.

फोल्डर आतेभावाला पाठवला. आईने सीडी मागितली, पदराने पुसली, मधून बाहेर सरळ, आणि पाकिटात घालून कपाटातल्या फाइलमध्ये ठेवायला गेली. त्या फाइलमध्ये मागे बाबांची एक आहे. अँजिओग्राफीची, २०१३ ची. त्या वेळी डॉक्टरांनी त्यांच्या स्क्रीनवर दाखवलेलं, मग ती सीडी पाकिटातून कोणी काढलीच नाही, बाबांनी पण नाही, आणि नंतर काढायचा प्रश्नच आला नाही. एमआरआयसारखे थांबलेले फोटो नसतात त्यात. व्हिडिओ असतो. काळ्या शिरा असतात आणि त्या ठोक्याबरोबर हलत असतात.

आईने कपाट बंद केलं, किल्ली तशीच लटकत ठेवली, आणि चहा टाकायला गेली. ड्राइव्ह टेबलावर होता.

मी काकांना मेसेज केला, ड्राइव्ह उद्या सकाळी दिला तर चालेल का.